न्यूयॉर्कमधील नृत्यप्रयोग : काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे

१

परदेशी विद्यापीठात अध्ययनासाठी किंवा एखाद्या परिषदेच्या निमित्ताने न्यूयॉर्कला निघालेले आमचे विद्यार्थी जाण्यापूर्वी एक प्रश्न हटकून विचारतात. नाटके कोणती पाहावीत, संग्रहालये कोणती पाहावीत, हे त्यांना बहुधा ठाऊक असते. नृत्याचे नाव निघाले म्हणजे मात्र ते गोंधळतात आणि ‘आपणच काही सुचवा’ असे म्हणतात. वरवर पाहता हा प्रवाशाच्या सोयीचा प्रश्न आहे. वस्तुतः तो समीक्षेचा प्रश्न असून त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कादंबरी आज वाचली नाही तर उद्या वाचता येते. ग्रंथ वाचकाची वाट पाहतो. नृत्य अशी वाट पाहत नाही. त्या आठवड्यात त्या नगरीत जे रंगमंचावर असेल तेच दिसते, आणि जे दिसले नाही त्याविषयीचे आपले ज्ञान ऐकीव राहते. शिवाय नृत्याला आपल्या नित्याच्या अर्थाने संहिता नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठांत अशुद्धे शिरली तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ताडून पाहण्यास प्रती होत्या म्हणूनच ते शक्य झाले. नृत्याची प्रत म्हणजे दुसऱ्या नर्तकाचे शरीर. नृत्यलेखनाच्या पद्धती आहेत, चित्रफिती आहेत. परंतु एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना रचनेचे काय होते, हे त्या सांगू शकत नाहीत. म्हणून ‘हे पाहा’ असे म्हणणाऱ्याला आधी ठरवावे लागते की, पाहणाऱ्याच्या पुढे येणार आहे ती रचना जिवंत आहे की तिचा केवळ अवशेष आहे.

न्यूयॉर्कच्या बाबतीत हा विचार आज अपरिहार्य झाला आहे. ज्यांनी त्या नगरीला आधुनिक नृत्याची राजधानी बनविले ते बहुतेक सर्व काळाच्या पडद्याआड गेले : आल्व्हिन एली १९८९ मध्ये, मार्था ग्रॅहॅम १९९१ मध्ये, मर्स कनिंगहॅम २००९ मध्ये, ट्रिशा ब्राउन २०१७ मध्ये आणि पॉल टेलर २०१८ मध्ये. ‘कर्ता गेल्यावर कृतीचे काय करावे’ या प्रश्नाला त्यांच्यामागे राहिलेल्या संस्थांनी निरनिराळी उत्तरे दिली. सामान्यतः जाणकार म्हणविणारे लोक ‘जे सर्वांत नवे ते पाहा’ असा उपदेश करतात. आमचे सांगणे त्याच्या उलट आहे. प्रथम दिवंगतांच्या चार-पाच रचना क्रमाने पाहाव्यात आणि मग नव्यांकडे वळावे. कारण नव्यांचे भांडण कोणाशी आहे हे कळल्यावाचून नवे कळत नाही.

येथे बॅलेचा विचार केलेला नाही. तो स्वतंत्र विषय आहे.

२

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपला एक धागा गुंतलेला आहे. १९०६ मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तकीने न्यूयॉर्कमध्ये ‘राधा’ नावाचे नृत्य सादर केले. त्या वेळी तिने भारत पाहिलेला नव्हता. तो तिने कल्पनेने रचला होता. पुढे तिने आणि टेड शॉन यांनी चालविलेल्या डेनिशॉन या शाळेची मंडळी १९२५-२६ च्या आशियाई दौऱ्यात भारतात येऊन गेली. याच शाळेत मार्था ग्रॅहॅम शिकल्या आणि तेथील रंगीबेरंगी पौर्वात्यतेला कंटाळूनच त्या बाहेर पडल्या. अमेरिकन आधुनिक नृत्याच्या जन्माशी एक काल्पनिक भारत आणि त्याचा त्याग, अशा दोन्ही गोष्टी आहेत हे आपण ध्यानात ठेवावे.

पुढील परंपरा आपल्या घराण्यांसारखी दिसते, परंतु तशी नाही. कनिंगहॅम हे १९३९ ते १९४५ पर्यंत ग्रॅहॅमबाईंच्या मंडळीत नाचले. टेलर हे आधी कनिंगहॅम यांच्याकडे आणि नंतर ग्रॅहॅमबाईंकडे होते. कनिंगहॅम यांच्या नृत्यशाळेतील रचनावर्गातून १९६२ मधील जडसन चर्चची बंडखोर पिढी निघाली. आपल्याकडे शिष्याची प्रतिष्ठा गुरूची गायकी पुढे नेण्यात असते. तेथे ती गुरूला सोडून जाण्यात आहे. म्हणून तेथील प्रत्येक रचना पूर्वीच्या एखाद्या रचनेला दिलेले उत्तर असते, आणि उत्तर समजण्यास मूळ प्रश्न पाहिलेला असावा लागतो.

३

आरंभ ग्रॅहॅमबाईंच्या ‘लॅमेंटेशन’ने करावा. १९३० मधील हे एकल नृत्य जेमतेम चार मिनिटांचे आहे. संगीत कोदाय या हंगेरियन संगीतकाराचे. नर्तकी एका बाकावर बसलेली असते आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेथून उठत नाही. ताणल्या जाणाऱ्या जांभळ्या कापडाच्या नळीत तिचे सर्व शरीर असते. चेहरा, हात आणि पावले एवढीच बाहेर दिसतात. ती शोक करणारी कोणी व्यक्ती नाही. कोण गेले, कधी गेले, हे सांगितलेले नाही. आत कोपर, गुडघा, पाठ ढकलली जाते आणि कापडावर तिरकस रेषा उमटतात. शोक म्हणजे स्वतःच्याच कातडीतून बाहेर पडता न येणे, असा अर्थ त्या रेषांतून आपोआप तयार होतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर येथे आलंबन विभाव काढून टाकला आहे आणि अनुभाव तेवढा ठेवला आहे; तरीही करुणाचा प्रत्यय येतो. रससिद्धान्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हे चार मिनिटांचे नृत्य पाहून मग विभावांच्या आवश्यकतेविषयी पुन्हा विचार करावा.

त्यानंतर ‘ॲपलेचियन स्प्रिंग’ पाहावे. १९४४ मध्ये वॉशिंग्टन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. संगीत आरन कोपलंड यांचे, नेपथ्य इसामु नोगुची यांचे. नवविवाहित जोडपे, वडीलधारी स्त्री, धर्मोपदेशक आणि त्याच्या चार अनुयायिनी, एवढीच पात्रे. घराचा सांगाडा, कुंपणाचा तुकडा आणि एक खुर्ची, एवढेच नेपथ्य. ग्रॅहॅमबाईंच्या तंत्राचे मर्म म्हणजे धडाचा संकोच आणि त्याची सुटका, श्वासाच्या आत येण्याने आणि बाहेर जाण्याने घडणारी. ‘लॅमेंटेशन’मध्ये त्यातून निव्वळ वेदना निर्माण होते, येथे त्याच हालचालीतून नवे घर करणाऱ्या वधूची भीती आणि आशा व्यक्त होते.

या मंडळीची स्थापना १९२६ मधील. ग्रॅहॅमबाईंच्या मृत्यूनंतर तिच्यावर जे प्रसंग आले ते नृत्याच्या अभ्यासकाला बोधप्रद आहेत. रचनांचा मालक कोण, मृत्युपत्राने नेमलेला वारस की संस्था, असा वाद न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये निर्णय झाला की, बहुसंख्य रचना बाईंनी संस्थेच्या सेवेत असताना केलेल्या असल्यामुळे संस्थेच्या आहेत. स्वतःच्या नृत्याचा कर्ता कायद्याने त्याचा मालक असेलच असे नाही, हे या निर्णयाने स्पष्ट केले. २०१२ मध्ये ही मंडळी वेस्टबेथ या इमारतीत, जेथे पूर्वी कनिंगहॅम यांची नृत्यशाळा होती तेथेच, राहावयास गेली. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातील सँडी वादळात तळघरात पाणी शिरून तेथे ठेवलेल्या नेपथ्याची व वेशभूषेची मोठी हानी झाली. रचना शरीरात राहते, पण तिचा संसार तळघरात राहतो, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच जाणवले असेल.

मंडळीने जपणुकीचा जो मार्ग काढला आहे त्यात ‘लॅमेंटेशन व्हेरिएशन्स’ हा उपक्रम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. २००७ पासून निरनिराळ्या नृत्यरचनाकारांना ग्रॅहॅमबाईंची ‘लॅमेंटेशन’मधील चित्रफीत दाखवून तिला उत्तर म्हणून लहान रचना करावयास सांगितले जाते. मूळ ग्रंथाशेजारी भाष्य लिहिण्याची ही रीत आपणांस अपरिचित नाही. भाष्ये सर्वच सारख्या योग्यतेची नसतात. परंतु ज्या ग्रंथावर भाष्य होते तो ग्रंथ मृत नसतो.

४

ग्रॅहॅमनंतर कनिंगहॅम. येथे मात्र अडचण येते : ज्याची रचना पाहावयास सांगायचे त्याची मंडळीच आज अस्तित्वात नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेली ही मंडळी आपल्या मृत्यूनंतर एक अखेरचा दौरा करून विसर्जित करावी, अशी योजना कनिंगहॅम यांनी स्वतःच मान्य केली होती. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू आर्मरीत शेवटचा प्रयोग झाला. आता त्यांच्या रचना एका विश्वस्त निधीच्या अनुमतीने इतर मंडळ्या आणि विद्यार्थी करतात. रचनांची टिपणे, चित्रफिती, प्रकाशयोजना, वेशभूषा हे सर्व एकत्र बांधून ठेवलेले आहे. म्हणून न्यूयॉर्कमध्ये असताना कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत ‘समरस्पेस’ (१९५८), ‘रेनफॉरेस्ट’ (१९६८), ‘साउंडडान्स’ (१९७५) किंवा ‘बायपेड’ (१९९९) यांपैकी एखादे नाव आढळले तर इतर बेत बाजूस ठेवून तेथे जावे.

कनिंगहॅम यांचे महत्त्व कशात आहे? दशरूपककार नृत्य आणि नृत्त असा भेद करतात : नृत्य भावाश्रित, नृत्त ताललयाश्रित. आपल्या विद्यार्थ्याला प्रथम वाटते की, कनिंगहॅम यांनी भाव काढून टाकून शुद्ध नृत्त उभे केले. ते अर्धेच खरे आहे. त्यांच्या बहुतेक रचनांत संगीत आणि नृत्य ही दोन्ही स्वतंत्रपणे तयार होत. तालीम निःशब्दात, कालमापक घड्याळ हातात घेऊन चाले. आणि नर्तकांना संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच ऐकू येई. म्हणजे त्यांनी भावाबरोबर तालाचाही आश्रय सोडला. भाव नाही, ताल नाही, तरीही नृत्य आहे. मग ते कशाच्या आश्रयाने उभे आहे? दशरूपकाच्या वर्गीकरणात या नृत्याला जागा नाही, आणि म्हणूनच ते आपल्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.

आमच्या मते मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात या प्रश्नाचे उत्तर सूचित झालेले आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी संवेदनांची जी संघटना होते तिला मर्ढेकर लय म्हणतात. ही लय तालाहून निराळी आहे. ‘समरस्पेस’मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी पडदा आणि वेश या दोहोंवर एकसारखे ठिपके उमटविले आहेत, नर्तकी स्थिर झाली की ती पार्श्वभूमीत विरते आणि हलली की पुन्हा दिसू लागते. रंगमंचाला मध्य नाही, मुख्य नर्तक नाही. डोळ्यांनी कोठे पाहावे हे कोणी सांगत नाही. एका कोपऱ्यातील वेगवान वळण आणि दुसऱ्या कोपऱ्यातील स्तब्धता यांच्यातील विरोध आणि त्यांचा समतोल, हाच तेथील आशय. लय घडविण्याचे निम्मे काम तेथे प्रेक्षकाकडे असते. मर्ढेकरांचा सिद्धान्त साहित्याला लावताना जी ओढाताण होते ती येथे होत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

आणखी एक गोष्ट अशी की, रसापासून दूर गेलेल्या या कलावंताचा प्रवास रसापासूनच सुरू झाला. १९५१ मधील ‘सिक्स्टीन डान्सेस’ ही त्यांची रचना भारतीय नऊ रसांवर आधारलेली होती. संगीत जॉन केज यांचे. केज यांना भारतीय संगीतविचाराची ओळख गीता साराभाई यांच्याकडून झाली होती, आणि रसांची आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून. या रचनेत शोक आधी यावा की भय आधी यावे हे ठरविण्यास काही सबळ कारण दिसेना, तेव्हा कनिंगहॅम यांनी नाणे उडविले. त्यांच्या पुढील सर्व कलेतील यदृच्छेचा हा प्रारंभ. नवरसांच्या क्रमाचा प्रश्न आपल्याकडेही चर्चिला गेला आहे. तो नाण्याने सोडविण्याचे धैर्य मात्र आपल्या कोणा आचार्याने केले नाही! १९६४ च्या जागतिक दौऱ्यात ही मंडळी मुंबई व अहमदाबाद येथे येऊन गेली, हेही येथे नमूद करावे.

मंडळी विसर्जित करण्याचा निर्णय योग्य होता काय? प्रामाणिक विसर्जन हे कृत्रिम आयुष्यापेक्षा बरे, असे म्हणणारा पक्ष आहे. त्यात तथ्य आहे. परंतु त्याची किंमतही आहे. २०१९ मध्ये कनिंगहॅम यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ब्रुकलिन, लंडन आणि लॉस एंजेलिस येथे एकाच दिवशी शंभर एकल नृत्यांचा जो कार्यक्रम झाला त्यात वेगवेगळ्या शिक्षणाचे नर्तक होते. रचना टिकून होती. पण वर्षानुवर्षे एकाच शाळेत रोज सकाळी घडलेले जे सामाईक शरीर, ते मंडळीबरोबर गेले आणि ते परत येणार नाही.

५

आल्व्हिन एली यांच्या मंडळीने याच्या अगदी उलट मार्ग धरला. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही मंडळी एली यांच्यानंतर जुडिथ जेमिसन आणि पुढे रॉबर्ट बॅटल यांच्या नेतृत्वाखाली वाढतच गेली. डिसेंबरात सिटी सेंटर या नाट्यगृहात तिचा दीर्घ मुक्काम असतो. १९२३ मध्ये बांधलेली ही घुमटाची, मूरिश धाटणीची वास्तू स्वतःही पाहण्यासारखी आहे. त्या महिन्यात न्यूयॉर्कला असणाऱ्याने ‘रेव्हलेशन्स’ चुकवू नये.

१९६० मधील ही रचना सुमारे छत्तीस मिनिटांची असून तिचे तीन भाग आहेत. कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाची भक्तिगीते हा तिचा आधार. टेक्सासमधील बालपणी चर्चमध्ये जे पाहिले-ऐकले त्याच्या स्मृती हा तिचा आशय. आरंभी मातकट रंगाच्या वेशातील माणसांचा घट्ट पुंजका रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहतो आणि त्यांचे हात पंखांसारखे वर उठतात. मधल्या भागात लांब रेशमी पट्टे हलवून नदी केली जाते आणि पांढऱ्या वेशातील मंडळी बाप्तिस्म्यासाठी निघतात. शेवटी पिवळ्या वेशातील स्त्रिया हातांत पंखे घेऊन, स्टुलांवर बसून, रविवारच्या उकाड्यात एकमेकींशी कुजबुजतात आणि पाहता पाहता सर्व चर्च नाचू लागते. प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतात. अखेरचा भाग पुन्हा करून दाखविला जातो.

विद्वान प्रेक्षकांचा आक्षेप येथेच आहे. इतकी लोकप्रिय, इतक्या वेळा झालेली रचना अनुष्ठानासारखी होते, तिला कला म्हणून पाहणे अशक्य होते, असे ते म्हणतात. ज्या समाजात तेच अभंग शतकानुशतके कीर्तनात म्हटले जातात त्या समाजातील प्रेक्षकाने हा आक्षेप जपून स्वीकारावा. पुनरावृत्तीने कृती मरते असा नियम नाही. यांत्रिक पुनरावृत्तीने मरते. रा. भा. पाटणकरांनी सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन ध्रुव कल्पिले आहेत त्यांपैकी कनिंगहॅम दुसऱ्या टोकाला आहेत तर एली पहिल्या. ‘रेव्हलेशन्स’चे सौंदर्य त्या समाजाच्या दुःखापासून आणि श्रद्धेपासून वेगळे काढता येत नाही, काढू गेल्यास हाती केवळ कौशल्य राहते. तथापि आक्षेपात एक सत्य आहे. शेवटचा उल्लास इतका निश्चित झाला आहे की, पहिल्या भागातील भार क्वचित हलका होतो. म्हणून पाहणाऱ्याने आपले लक्ष मध्यभागातील जमिनीवर बसून केल्या जाणाऱ्या पुरुषाच्या एकल नृत्याकडे द्यावे. तेथे टाळ्यांना वाव नसतो, आणि त्या रात्रीच्या प्रयोगाची खरी पारख तेथेच होते. त्याच्याच जोडीला १९७१ मधील ‘क्राय’ हे सोळा मिनिटांचे एकल नृत्य पाहावयास मिळाले तर भाग्य समजावे. एली यांनी ते जेमिसनबाईंसाठी रचले आणि सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांना, विशेषतः मातांना, अर्पण केले. आरंभीचे लांब पांढरे वस्त्र त्या नृत्यात जमीन पुसण्याचे फडके होते आणि शालही होते.

६

पॉल टेलर यांच्या बाबतीत आमची शिफारस एकाच रचनेची आहे : ‘एस्प्लनेड’. १९७४ मध्ये स्वतः नाचणे थांबविल्यानंतर पुढील वर्षी त्यांनी ती केली. संगीत बाखचे; हालचाली मात्र चालणे, धावणे, उडी मारणे, घसरणे, पडणे. शाळेत शिकविली जाणारी एकही नृत्यमुद्रा त्यात नाही. बस गाठण्यासाठी धावणाऱ्या एका मुलीवरून ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. आरंभी हे सारे प्रसन्न खेळासारखे वाटते. मग संथ भाग येतो : एका कुटुंबासारखी दिसणारी माणसे एकमेकांजवळ येतात आणि कोणी कोणास स्पर्श करीत नाही. शेवटच्या भागात नर्तक जमिनीवर अंग झोकून देतात आणि क्षणात उठतात. ज्या प्रेक्षकाला ‘आधुनिक नृत्य समजत नाही’ असे वाटते त्याला प्रथम येथे न्यावे. समजण्यासारखे जे आहे ते त्याला आधीच ठाऊक असते.

साध्या चालण्याला नृत्य मानण्याची ही वाट जडसन चर्चच्या पिढीने अधिक कठोरपणे चोखाळली. ६ जुलै १९६२ रोजी वॉशिंग्टन चौकातील या चर्चमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. इव्हॉन रेनर यांच्या ‘ट्रायो ए’ (१९६६) मध्ये सुमारे पाच मिनिटे हालचाल अखंड चालते. कोठेही आघात नाही, परमोच्च बिंदू नाही, आणि नर्तक प्रेक्षकांच्या नजरेला नजर देत नाही. प्रेक्षकाला मोहविण्यास दिलेला हा नकार आहे. तो पाहणे आनंददायक असतेच असे नाही. परंतु त्यानंतर इतर कोणतेही नृत्य पाहताना आपण मोहविले जात आहोत याची जाणीव राहते. याच पिढीतील ट्रिशा ब्राउन यांची ‘सेट अँड रीसेट’ (१९८३) ही मात्र निर्भेळ आनंदाची रचना आहे. विंगांचे पडदे पारदर्शक केल्यामुळे आत गेलेला नर्तकही दिसत राहतो. प्रवेश आणि निष्क्रमण यांतील भेदच नाहीसा होतो आणि हालचाल एका शरीरातून दुसऱ्यात पाण्यासारखी जाते.

जडसन चर्चमध्ये १९९१ पासून ‘मूव्हमेंट रिसर्च’ या संस्थेने सोमवारी सायंकाळी विनामूल्य प्रयोगांची प्रथा सुरू केली. तेथे अपुऱ्या, चाचपडणाऱ्या रचनाही दिसतात. विद्यार्थ्याने एक तरी सोमवार तेथे घालवावा. पूर्ण झालेल्या कलाकृतीच पाहणाऱ्यास कला कशी होते ते कळत नाही.

७

येथे समीक्षकांविषयी दोन प्रसंग सांगणे अवश्य आहे. १९५७ मध्ये टेलर यांनी एक कार्यक्रम केला. त्यातील एका रचनेत तर दोन्ही नर्तक शेवटपर्यंत निश्चलच राहिले. लुई हॉर्स्ट या मान्यवर समीक्षकांनी त्यावर जे परीक्षण छापले ते म्हणजे खाली आपली आद्याक्षरे घातलेली कोरी जागा होती. दुसरा प्रसंग १९९४ चा. बिल टी. जोन्स यांनी ‘स्टिल/हिअर’ ही रचना केली; दुर्धर रोगाने ग्रस्त असलेल्या माणसांशी केलेल्या संवादांतून तिची सामग्री आली होती. आर्लीन क्रोची या थोर समीक्षिकेने ती न पाहताच तिच्यावर प्रदीर्घ लेख लिहिला. ज्या कलाकृतीत प्रत्यक्ष मरणासन्न माणसे साक्षीस आणली जातात तिची समीक्षा करता येत नाही, ती केवळ दया मागते, असे क्रोचीबाईंचे म्हणणे होते.

दोन्ही प्रसंगांत समीक्षेने बोलण्यास नकार दिला. परंतु दोन्ही नकार सारखे नाहीत. हॉर्स्ट यांनी प्रयोग पाहिला होता. त्यांचे कोरेपण हे मत होते. टेलर यांना ते झोंबले असेल, पण त्यावर वाद करता येत होता. क्रोचीबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि तो निकालात निघालेला नाही. तरीही, न पाहता दिलेला निर्णय हा समीक्षेचा निर्णय नव्हे. त्यांची शंका ज्या रंगमंचावर पडताळता आली असती तेथेच त्या गेल्या नाहीत. २०२४ मध्ये ब्रुकलिन ॲकॅडमी ऑफ म्युझिकने ‘स्टिल/हिअर’चा प्रयोग तीस वर्षांनंतर पुन्हा केला, ज्या रचनेला सहानुभूतीवर जगणारी म्हटले गेले ती एका पिढीनंतरही पाहिली गेली, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. जोन्स यांच्या रचनांत आम्ही त्याहूनही ‘डी-मॅन इन द वॉटर्स’ (१९८९) अधिक मानतो. सहकारी आर्नी झेन यांच्या मृत्यूनंतर, एड्सने नर्तकांची एक पिढी हिरावली जात असताना, मेंडेलसनच्या अष्टकावर केलेले हे नृत्य शोक न करता केवळ झेपावते, घसरते, दुसऱ्याला वर उचलते. जी आकृती केवळ बांधणीची वाटते ती माणसे बुडू नयेत म्हणून चाललेली धडपड आहे, हे हळूहळू कळते.

८

हयात रचनाकारांपैकी दोघांचा उल्लेख पुरे. मार्क मॉरिस यांची ‘लालेग्रो’ ही १९८८ मधील रचना हँडेलच्या संगीतावर आणि त्यातून मिल्टनच्या दोन काव्यांवर उभी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यास काव्याचे नृत्यात रूपांतर कसे होते हे पाहण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मॉरिस यांनी १९८४ मध्ये त्यागराजांच्या ‘ओ रंगशायी’ या कृतीवरही एकल नृत्य केले होते. रूथ सेंट डेनिसच्या काल्पनिक भारताशी त्याची तुलना करावी : तेथे वेश आणि अलंकार होते, येथे संगीताची रचना हाच विषय आहे. आपल्या मृत्यूनंतर प्रथम दाखविल्या जाव्यात म्हणून मॉरिस काही नृत्ये आजच रचून ठेवीत आहेत. आरंभी मांडलेल्या प्रश्नाला हे आणखी एक उत्तर होय. दुसऱ्या पाम टॅनोविट्झ. त्यांची ‘फोर क्वार्टेट्स’ (२०१८) ही रचना एलियटच्या काव्याचे वाचन चालू असताना नाचली जाते. कनिंगहॅम यांच्या शिस्तीला काव्यार्थाशेजारी आणून बसविण्याचा हा प्रयत्न आहे. अर्थ आणि हालचाल एकमेकांना चिकटत नाहीत आणि सोडतही नाहीत.

स्थळांविषयी थोडेसे. चेल्सी भागातील जॉइस थिएटर हे १९८२ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहातून तयार झालेले सुमारे पावणेपाचशे आसनांचे प्रेक्षागृह केवळ नृत्यासाठीच आहे. तेथे पाऊल कसे पडते तेही दिसते. ब्रुकलिनमधील ‘नेक्स्ट वेव्ह’ महोत्सव १९८३ पासूनचा. सिटी सेंटरमध्ये २००४ साली दहा डॉलरच्या तिकिटांनी सुरू झालेला ‘फॉल फॉर डान्स’ हा शरद ऋतूतील महोत्सव विद्यार्थ्यांना सोयीचा, कारण एका रात्रीत अनेक मंडळ्या दिसतात. मात्र एवढ्यावरच थांबू नये, तो नमुन्यांचा बाजार आहे. आणि ज्यांच्या मुक्कामात योग्य प्रयोग येणारच नाहीत त्यांनी लिंकन सेंटर येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या नृत्यविभागात जावे. १९४४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात चित्रफिती, पत्रे, टिपणे यांचा अमोल ठेवा असून तो सर्वांस खुला आहे.

तेथे बसले असता आपल्याकडची आठवण होते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे. तंजावरच्या सरफोजीराजांची मराठी निरूपणे सरस्वती महालात लिखित स्वरूपात राहिली, म्हणून मुंबईच्या पार्वतीकुमारांना ती पुन्हा नृत्यात आणता आली. शब्द उरले होते. पावले त्यांना नव्याने शोधावी लागली. मुंबईतच १९५२ मध्ये शांतिवर्धन यांनी लिट्ल बॅले ट्रूप स्थापून माणसांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचविणारे ‘रामायण’ उभे केले. दोनच वर्षांनी ते वारले, पण सहकाऱ्यांनी ती रचना जपली. त्या काळी मुंबईत झालेल्या इतर किती नृत्यनाट्यांविषयी आपण असे म्हणू शकू? त्यांचे नर्तक वृद्ध झाले, कित्येक निवर्तले. न्यूयॉर्कमध्ये न्यायालय, विश्वस्त निधी, ग्रंथालय आणि शिष्यवर्ग यांच्यामधून जो प्रश्न निरनिराळ्या रीतीने सोडविला जात आहे तो आपल्या दाराशीही उभा आहे. आपण तो अजून नीट विचारलेलाही नाही.

तेव्हा तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने ‘लॅमेंटेशन’, ‘समरस्पेस’, ‘रेव्हलेशन्स’, ‘एस्प्लनेड’ आणि ‘सेट अँड रीसेट’ ही पाच नावे वहीत लिहून न्यावीत. यांपैकी दोन पाहावयास मिळाली तरी प्रवास सार्थकी लागला असे मानावे. आणि परत आल्यावर, जे पाहिले ते विसरण्यापूर्वी, कोण कोठे उभे होते आणि प्रथम कोण हलले येथपासून तपशिलाने लिहून काढावे. नृत्याच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य तेवढेच आहे.